काळं रान, पांढरी टोपी

प्रश्न: मी औशाची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामांचा यशिका एफएक्स-३ सुपर २००० हा रोलचा कॅमेरा कपाटात पडून होता, तो मला मिळाला. चुलत भावाने त्याचा जुना निकॉन डी३१०० दिलाय, १८-५५ लेन्ससकट. दोन्ही शिकायचे आहेत, पण आधी कोणता? व्हिडिओ बघून अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ पाठ झालं, तरी मॅन्युअलवर फोटो एकतर काळाकुट्ट येतो नाहीतर पांढराफटक. रोल महाग आहे, वाया जाईल याची भीती वाटते. लातुरात राहून हे शिकता येईल, की पुण्या-मुंबईचा कोर्स करावा लागेल?

उत्तर: लातुरात राहून नक्की शिकता येतं. मी इथंच शिकलो. १९८९ साली दहावीनंतर गंजगोलाईजवळच्या एका स्टुडिओत कामाला लागलो. पहिलं दीड वर्ष हायपोचे (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचे) ट्रे धुणं आणि प्रिंट वाळत घालणं एवढंच काम होतं. कॅमेरा हातात आला तो त्यानंतर, आणि तोवर कुठल्या उजेडात काढलेली निगेटिव्ह कशी दिसते हे डोळ्यांत बसलं होतं. कोर्सला माझा विरोध नाही, पण तुझी आत्ताची अडचण कोर्सची नाही. तुला तीन आकडे पाठ आहेत, पण समोर उजेड किती आहे याचा अंदाज अजून बांधता येत नाही. तो अंदाज बसला की दोन्ही कॅमेरे तुझे.

सुरुवात डिजिटलवर कर, पण तो रोलचा कॅमेरा असल्यासारखा वापर. लेन्सची रिंग ३५ च्या खुणेवर आण आणि चिकटपट्टी लावून टाक. डी३१००चा सेन्सर रोलच्या फ्रेमपेक्षा दीडपट लहान आहे, म्हणून त्याच्यावर ३५ एमएमला जेवढं दिसतं, साधारण तेवढंच मामांच्या यशिकावरच्या ५० एमएमला दिसतं. म्हणजे उद्या यशिका डोळ्याला लावशील तेव्हा चौकट ओळखीची असेल. ऑटो आयएसओ बंद कर, आयएसओ २०० वर ठेव. डायल एम (मॅन्युअल) वर. फोटो काढल्याबरोबर स्क्रीनवर दिसतो, तेही मेनूतून बंद कर. साठवायचं रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपेग दोन्हींत. आणि एक छोटी वही खिशात ठेव.

पहिला आठवडा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरकडे बघायचंच नाही. जुना नियम आहे: स्वच्छ ऊन, सूर्य तुझ्या पाठीमागे, तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ २०० असेल तर एफ १६ वर १/२००. इथून खाली उतरत जा. ढगाचा पातळ पापुद्रा आला आणि सावलीची कड मऊ झाली की एफ ११. सावली दिसते न दिसते असं आभाळ असलं की एफ ८. दाट भरून आलं की एफ ५.६. लिंबाच्या झाडाखाली, पण डोक्यावर मोकळं आभाळ दिसतंय अशा सावलीत एफ ४ (३५ वर लेन्स तितकी उघडत नसेल तर उघडेल तेवढी). प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतोय आणि तू भोक दुप्पट मोठं करत चाललीस. अशा एका पायरीला स्टॉप म्हणतात. आकडे विचित्र वाटतात कारण ते भोकाच्या रुंदीवरून काढलेत: रुंदी १.४ पट वाढली की क्षेत्रफळ दुप्पट होतं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही माळ पाढ्यासारखी तोंडात असली पाहिजे. स्टुडिओत मालक नुसते ‘एक उघड’, ‘दीड बंद कर’ एवढंच म्हणायचे आणि आपला हात तिकडे गेला पाहिजे.

रोज दहा फोटो काढ. आधी अंदाज बांध, वहीत लिही (वेळ, जागा, ऊन कसं, आकडे), मग बटण दाब. संध्याकाळी घरी बसून बघ. उन्हातल्या फोटोंत चूक क्वचितच होईल. ओसरीवर आणि घरात मात्र अंदाज दोन-तीन स्टॉपने चुकेल, कारण आपला डोळा अंधाराला झटकन सरावतो आणि खोली आहे त्यापेक्षा उजळ भासवतो. आठ-दहा दिवसांत वहीतल्या चुका अर्ध्या स्टॉपवर आल्या की मीटर चालू कर.

मीटरचं नीट समजून घे, कारण तुझे काळे-पांढरे फोटो बहुतेक इथंच बिघडतात. मीटर मोजतो तो समोरच्या वस्तूवरून परत आलेला उजेड. वस्तू काळी आहे की पांढरी, हे त्याला कळत नाही. तो धरून चालतो की समोर मधला राखाडी रंग आहे, पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत पाठवणारा, आणि जे दाखवशील ते त्या राखाडीवर आणून ठेवतो. आपल्याकडं याची परीक्षा घ्यायला लांब जावं लागत नाही. नांगरटीनंतर, नुकता पाऊस पडून गेलेलं काळं रान चौकटभर घे, मीटर शून्यावर आण आणि फोटो काढ. मग दोरीवर वाळत घातलेलं आजोबांचं पांढरं धोतर चौकटभर घे, पुन्हा मीटर शून्यावर, पुन्हा फोटो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघ. रान राखेसारखं फिकट झालेलं असेल, धोतर मळकट, आणि दोन्हींचा करडेपणा जवळपास सारखा. आता रानासाठी एक ते दीड स्टॉप कमी कर, धोतरासाठी दीड स्टॉप वाढव. रान काळं होईल, धोतर धुतल्यासारखं येईल. हे दोन फोटो मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या महिन्यात काढायला लावतो. ते मनापासून कळले की पुढचं निम्मं शिक्षण झालं.

मधला राखाडी सोबत घेऊन फिरायचा सोपा मार्ग म्हणजे स्वतःचा तळवा. तळव्यावर समोरच्या माणसावर पडतोय तोच उजेड पडू दे, त्याच्यावर मीटर बघ आणि एक स्टॉप वाढव. माणूस गोरा असो की सावळा, तळव्यांच्या उजळपणात फारसा फरक नसतो. लग्नात नवरदेवाचा पांढरा पोशाख आणि नवरीचा गडद शालू एकाच चौकटीत असताना मी अजूनही हेच करतो.

आता रोल आणि डिजिटल खरे वेगळे कुठे पडतात, ते. एक शेतकरी दुपारी बांधावर उभा आहे. डोक्यावर पांढरी टोपी, तिच्यावर कडक ऊन, आणि टोपीखाली सावळा चेहरा, डोळे सावलीत. टोपी आणि डोळे यांच्यात चार-पाच स्टॉपचं अंतर सहज पडतं. डिजिटलवर टोपी एकदा पूर्ण पांढरी झाली की तिथं काहीच नोंद राहत नाही, कितीही सॉफ्टवेअर चालव, कापडाची वीण परत येत नाही. सावलीतला अंधार मात्र रॉ फाइलमधून बराच वर काढता येतो, थोडे दाणे दिसतील एवढंच. म्हणून डिजिटलवर आधी टोपी सांभाळायची. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीवर आदळतोय का बघ, आदळत असेल तर कमी कर. निगेटिव्ह रोलचं नेमकं उलटं. त्याला जास्त उजेड चालतो, दोन स्टॉप जास्त झालं तरी प्रिंट निघते. कमी पडला तर सावलीच्या जागी निगेटिव्ह कोरी काच असते, तिच्यातून काही काढता येत नाही. म्हणून रोलवर चेहऱ्याच्या सावलीचं माप घ्यायचं. मी स्वतः ४०० चा रोल घातला की कॅमेऱ्यावर २०० लावतो, म्हणजे एक स्टॉपची सोय आपोआप होते. डिजिटलवर शिकलेली कमी करण्याची सवय रोलवर नेलीस तर पहिला रोल पातळ येईल, हे लक्षात ठेव.

आकड्यांवर इतकं बोललो, पण फोटो चांगला होतो तो उजेडाच्या दिशेने. मेच्या मध्यात लातुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत अकरा ते चार माणसाचा चेहरा उघड्यावर काढूच नकोस, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्याला उंबऱ्यापाशी आण. चौकटीच्या आत दोन पावलं, तोंड बाहेर. समोरच्या अंगणातून, चुन्याच्या भिंतीवरून उलटून आलेला उजेड डोळ्यांत चमक आणतो, आणि मागची खोली आपोआप गडद होते. स्टुडिओत दोन दिवे आणि छत्री लावून आम्ही जे करायचो, ते घरच्या ओसरीवर फुकट मिळतं. जुनं माळवदाचं घर अजून कुणाचं टिकून असेल तर तिथं एक दुपार बस. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एकच झोत खाली पडतो आणि तासाभरात चुलीपासून उतरंडीपर्यंत सरकतो. त्या झोताच्या आत, कडेला आणि बाहेर असे तीन ठिकाणी एकाच माणसाचे फोटो काढ. आजीला बसवणार असशील तर आधी तिच्याशी अर्धा तास बोल, कॅमेरा मांडीवर राहू दे.

अ‍ॅपर्चरने मागचं किती धूसर होतं आणि शटरने हलतं किती गोठतं, हे व्हिडिओत पाहिलंस, ते खरंच आहे. हातात धरून १/६० च्या खाली जायचं नाही, पळत्या पोरासाठी १/५०० पाहिजे, एवढं सध्या पुरे.

तीन-चार आठवड्यांनी यशिकाकडे वळ. आधी तपासणी. खाली एलआर४४ च्या दोन बटण बॅटऱ्या लागतात, घड्याळवाल्याकडे मिळतात. त्या फक्त मीटरसाठी. शटर यांत्रिक आहे, बॅटरी संपली तरी चालतं. मागचं झाकण उघड, लेन्स खिडकीकडे धर आणि एक सेकंदापासून १/२००० पर्यंत एकेक वेग ओढून बघ. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात हळू वेग अडकतात. झाकणाच्या खाचेतल्या काळ्या फोमला नख लाव. डांबरासारखं चिकटलं तर तो कुजलाय, त्यातून उजेड आत शिरेल. स्पिरिटने पुसून त्या जागी काळी लोकर किंवा पातळ फोम बसवता येतो. लेन्समध्ये टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का बघ. कडेला थोडी असेल तर चालेल, काम अडत नाही.

रोल भरण्याबद्दल सांगतो, कारण यात मी एका कुटुंबाचं नुकसान केलंय. १९९२ मध्ये उदगीरकडच्या एका साखरपुड्याला मालकांनी मला पहिल्यांदा एकट्याला पाठवलं. घाईत रोलची जीभ स्पूलच्या (रोल गुंडाळून घेणाऱ्या दांडीच्या) खाचेत नीट अडकली नव्हती. मी फोटो काढत गेलो, लीव्हर ओढत गेलो, आकडा पुढं सरकत होता. तो ३८ वर गेला, ३९ वर गेला, तेव्हा पोटात गोळा आला. रोल जागचा हललाच नव्हता. मुलीच्या वडिलांना ते सांगताना त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी विसरलेलो नाही. म्हणून: जीभ खाचेत घाल, दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसेपर्यंत लीव्हर ओढ, झाकण लाव, मग डावीकडची गुंडाळायची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून रोल ताठ कर. आता लीव्हर ओढताना ती मूठ आपोआप उलटी फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर रोल खाचेत अडकलेला नाही. पहिले दोन-तीनच नाही, प्रत्येक फ्रेमला तिच्याकडे नजर जाऊ दे.

पहिला रोल काळा-पांढरा घे, इलफर्डचा एचपी५ प्लस मिळाला तर उत्तम. रंगीत रोल धुवायला (डेव्हलप करायला) रसायन ३८ अंशांवर धरून ठेवावं लागतं, ते सध्या लॅबकडेच सोपव. काळा-पांढरा मात्र घरी धुता येतो, आणि धुतलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. खर्च वाचतो हे खरं, पण आपण दिलेल्या उजेडाचं काय झालं हे ओल्या निगेटिव्हवर हातात दिसतं, ते दुसऱ्या कुठल्याच मार्गाने इतकं पटत नाही. पहिल्या रोलवर लग्न, वाढदिवस असलं परत न येणारं काही काढू नकोस. वहीतल्याच जागा पुन्हा काढ: तेच रान, तोच उंबरा, तीच लिंबाची सावली.

धुण्यात आपल्याकडं दोन अडचणी आहेत, दोन्ही पाण्याच्या. पहिली, पाणी गरम. एचपी५ ला न पातळ केलेल्या डी-७६ डेव्हलपरमध्ये (रोलवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात) २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. एप्रिल-मेत टाकीचं पाणी हात घालवत नाही इतकं तापलेलं असतं, त्यात धुतलास तर निगेटिव्ह दाट आणि डागाळ होणार. आदल्या रात्री सगळी रसायनं बाटल्यांत भरून माठातल्या पाण्यात ठेव. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे माठ चांगला गार होतो. उरलेलं काम परातीत बर्फाचे खडे टाकून. २४ अंशांवर थांबलीस तरी चालेल, वेळ साडेपाच मिनिटांच्या आसपास आण. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नकोस, रसायन सगळीकडे सारखं चढत नाही. डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), हायपो आणि धुण्याचं पाणी या चारही गोष्टी एकाच तापमानाला ठेव. थर्मामीटरवर पैसे खर्च कर, बाकी वस्तू घरातल्या चालतात.

दुसरी अडचण पाणी कमी असण्याची. जुनी पद्धत म्हणजे नळ सोडून अर्धा तास रोल वाहत्या पाण्याखाली ठेवायचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा घागरीसाठी रांगा लागलेल्या असताना डार्करूममध्ये नळ सोडायचा विचारही मनात येणं शक्य नव्हतं. इलफर्डची एक पद्धत आहे, तेव्हापासून मी तीच वापरतो. हायपो ओतून टाकल्यावर टँक (रोल धुण्याचा बंद डबा) पाण्याने भर, पाच वेळा उलटा-सुलटा कर, ओत. पुन्हा भर, दहा वेळा. पुन्हा भर, वीस वेळा. तीन टँक पाण्यात रोल स्वच्छ होतो. हायपो तेवढा कडक न करणारा, म्हणजे हार्डनर नसलेला पाहिजे. बोअरच्या जड पाण्याने वाळताना निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात, ते नंतर आभाळात हमखास दिसतात. म्हणून शेवटचं खंगाळणं बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, त्यात लिक्विड साबणाचा एखादा थेंब. मग न्हाणीघरात टांग. वाऱ्यात नको, आपल्याकडची धूळ ओल्या रोलवर बसली की निघत नाही.

दोन्ही कॅमेऱ्यांची खरी परीक्षा घ्यायची तर वेरूळ आणि अजिंठ्याला जा. एकाच फेरीत दोन्ही करणार असशील तर लक्षात ठेव, वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, दुपारनंतर उजेड आत येतो, तिथं काळा-पांढरा रोल घाल. दगडाचे छिन्नीचे घाव काळ्या-पांढऱ्यात जसे उठतात तसे रंगीत फोटोत नाहीत. अजिंठ्याच्या चित्रांना फ्लॅशची बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथं डिजिटल काढ, आयएसओ १६०० किंवा ३२००, कोपर छातीला टेकवून, श्वास सोडता सोडता बटण. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ पासून कित्येक वर्षं त्या गुंफांमध्ये चित्रांच्या रंगीत नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्या आगीच्या आधीच त्याने कॅमेराही हातात घेतला होता, आणि अजिंठा-वेरूळचे त्याचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकरूपात आले. काचेच्या प्लेटा, अंधारी गुंफा आणि विजेचा दिवा नाही. तुझ्या डी३१००ला ते काम पुष्कळ सोपं आहे.

शेवटी जपणुकीचं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे भूकंप झाला. पंधरा-वीस दिवसांनी किल्लारी, सास्तूरकडची माणसं स्टुडिओत यायला लागली. ‘आमच्या भावाच्या लग्नाचा फोटो तुमच्याकडं काढला होता’, एवढंच म्हणायची. घर गेलं, ट्रंक गेली, भिंतीवरचा फोटो गेला. मालकांची सवय अशी की प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, वर गाव, आडनाव आणि तारीख. त्या दिवाळीपर्यंत आम्ही रोज रात्री जुनी पाकिटं काढून प्रिंट केल्या, पैसे कुणाकडून घेतले नाहीत. एक म्हातारा सुनेचा फोटो हातात आल्यावर तो ओला होता तरी खिशात घालायला लागला. मी म्हटलं, वाळू द्या. तो तिथंच बाकावर बसून राहिला, तासभर.

त्यामुळे माझ्या हाताखाली शिकणाऱ्याला पाकिटावर लिहिल्याशिवाय घरी जाऊ देत नाही. रोल धुतला की सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून बटर पेपरच्या पाकिटात ठेव आणि गाव, माणूस, तारीख लिही. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. डिजिटलच्या रॉ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो दोन वेगळ्या घरांत.

आणि मामांना विचार, कॅमेरा ज्या कपाटात होता तिथंच निगेटिव्हचा डबाही असेल. मोबाइलचा स्क्रीन पांढरा करून, निगेटिव्ह त्याच्यापासून दोन बोटं वर काचेवर ठेवून डी३१००ने तिचा फोटो काढता येतो. त्यापुरती लेन्सवरची चिकटपट्टी काढ, ५५ वर आण आणि जितकं जवळ जाता येईल तितकं जा. चौकट अर्धीच भरेल, पण रंग उलटे केल्यावर चेहरे ओळखण्यापुरतं पुष्कळ येतं. तुझ्या आईचे लहानपणचे फोटो त्यात असण्याची शक्यता आहे. ती बसलेली असताना तिच्यासमोर उघड, नावं आणि गावं तिला विचारून पाकिटावर लिहून घे.